आज्ञावलींचा कारखाना आणि चाळीस तासांचा आठवडा



इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे किल्ले, लढाया आणि तह यांविषयी ऐकण्याची आपणां सर्वांस सवय आहे. कामगार चळवळीतील माणूस व्यासपीठावर आला तर तो फार तर गिरण्यांच्या संपांविषयी बोलेल, एवढी मुभा श्रोते त्यास देतात. मी आज ज्या कारखान्याचा इतिहास सांगणार आहे त्याला धुराडे नाही, भोंगा नाही आणि तेथे तयार होणारा माल हातात धरून पाहता येत नाही. परंतु आपल्या खिशातील फोन, बँकेचे खाते, रेल्वेचे तिकीट आणि आपल्या मुलाबाळांपैकी कोणाची तरी नोकरी त्या मालावर चालते. संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञांची जी मालिका तिला आज्ञावली म्हणतात. बाजारात सॉफ्टवेअर हाच शब्द रूढ आहे. या आज्ञावली माणसे लिहितात. लिहून झाल्यावर त्या एकत्र जुळविणे, तपासणे आणि गिऱ्हाइकाच्या चालू यंत्रावर चढविणे, ही तीन कामेदेखील पूर्वी माणसेच करीत. गेल्या पन्नास वर्षांत ती हळूहळू यंत्राकडे गेली. ती कशी गेली, कोणी नेली आणि नेताना वाटेत काय सांडले, एवढाच आजचा विषय आहे. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. या धंद्याची माहिती मी पुस्तकांतून आणि या धंद्यातल्या मुलामुलींना विचारून विचारून मिळविली आहे. तेव्हा एखादा शब्द त्यांच्यासारखा उच्चारता आला नाही, तर आपण समजून घ्याल.

आरंभ एका अशा ठिकाणाहून करतो की जेथे आज्ञावली खरोखरच विणली जात होती. अमेरिकेने चंद्रावर माणूस पाठविला तो १९६९ साली. त्या अपोलो यानात जो संगणक होता त्याची कायम स्मृती लहान लहान चुंबकीय कड्यांची आणि तांब्याच्या बारीक तारांची केलेली होती. तार कडीतून गेली तर एक, कडीच्या बाहेरून गेली तर शून्य. अशा रीतीने सुमारे ३६ हजार शब्दांची स्मृती मॅसॅच्युसेट्समधील वॉल्थॅम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हाताने विणीत. नेमके कोणते छिद्र पुढे आणावयाचे ते छिद्रे पाडलेल्या पट्टीवर चालणारे यंत्र दाखवी, आणि सुई ओवण्याचे काम बाई करी. या विणलेल्या स्मृतीला तेथे 'दोरी' म्हणत, आणि एकेका दोरीतील आज्ञावलीची जबाबदारी ज्या इंजिनियरावर असे त्याला, मग तो पुरुष असला तरी, 'दोरीची आई' म्हणत. विणून झाल्यावर चूक सापडली तर तो भाग पुन्हा विणावा लागे, आणि त्यात कित्येक आठवडे जात. लिहिणाऱ्याच्या मेजापासून चालू यंत्रापर्यंत आज्ञावली नेण्याचे काम किती जड होते, हे यावरून ध्यानी येईल. यानात चढलेल्या चंद्रवीरांची नावे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. दोरी विणणाऱ्या बायकांची नावे मला कोठल्याही पुस्तकात मिळाली नाहीत.

पृथ्वीवरच्या कामात तारा विणाव्या लागत नसत, पण अडचण दुसरी होती. आय.बी.एम. कंपनीने १९६४ साली आपले ३६० या मालिकेचे संगणक जाहीर केले. त्यांच्या मुख्य आज्ञावलीच्या कामावर फ्रेडरिक ब्रुक्स हे प्रमुख होते. १९६३ ते १९६६ या काळात त्या एका कामावर सुमारे ५ हजार माणूस-वर्षे खर्ची पडली, असा अंदाज त्यांनीच पुढे १९७५ साली आपल्या पुस्तकात दिला. काम मागे पडले म्हणून माणसे वाढवावी, तर काम आणखी मागे पडते, हा त्यांचा निष्कर्ष. त्याचे कारण साधे आहे. दहा माणसांत आपापसांतील जोड्या ४५ होतात, शंभरांत ४,९५० होतात. प्रत्येकाने आपापला तुकडा बरोबर लिहिला तरी तुकड्याला तुकडा जुळेलच असे नाही. शेवटी सारे तुकडे एकत्र आणावयाचे, आणि मग जे काही मोडेल ते कोणामुळे मोडले याचा शोध घेत महिनोन् महिने बसावयाचे, अशी या धंद्याची रीत होती. सहा शिंप्यांनी सहा घरी बसून एकाच अंगरख्याचे भाग शिवावे आणि लग्नाच्या आदल्या रात्री ते जोडावयास घ्यावे, तसाच हा प्रकार. हे रात्रीचे जोडकाम ज्यांच्या वाट्याला येई त्यांचे काय हाल होत असतील, ते सांगावयास नको.

आता एक गोष्ट मला मुद्दाम सांगावयाची आहे. कारण आमच्या चळवळीच्या अनुभवाशी ती जुळत नाही, आणि म्हणूनच ती विचार करावयास लावते. गिरणीत नवे यंत्र येते ते मालक आणतो. या धंद्यात कष्ट वाचविणारी यंत्रे बहुतेक वेळा कामगारानेच केली, आणि तीही स्वतःचे कष्ट वाचावेत म्हणून. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचे साधन लिहिले. त्यांचा एक सहकारी आज्ञावलीतील दोष शोधण्यात सकाळ घालवून बसला होता. दोष त्याने आधीच दुरुस्त केलेला होता. पण दुरुस्त केलेला तुकडा नव्याने यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे राहून गेले होते. कोणता तुकडा बदलला आणि त्यामुळे काय काय पुन्हा तयार करावे लागेल याचा हिशेब 'मेक' ठेवू लागले. ते आजही वापरात आहे. त्यासाठी कोणी कोणाला कामावरून काढले नाही आणि कोणी संप केला नाही. माणसाला कंटाळवाणे काम नको होते, ते त्याने यंत्राला दिले, इतकेच.

मोठ्या कंपन्यांत मात्र रंग वेगळा दिसू लागला. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एन.टी. बाजारात आणले. त्याच्या आज्ञा ५६ लाख ओळींच्या होत्या, आणि त्या ४० हजार तुकड्यांत विखुरलेल्या होत्या. सारे तुकडे जुळवून एक संपूर्ण माल तयार करणे, ज्याला ते लोक 'बिल्ड' म्हणतात, यास कित्येक यंत्रे लावूनही १९ तासांपर्यंत वेळ लागे. तरी ते काम रोज होई. रोज जुळवावयाचे म्हणजे चूक फार तर एका दिवसाची. ती शोधणे सोपे. कल्पना उत्तम होती यात शंका नाही. पण रोजचा बिल्ड ज्याच्यामुळे मोडेल त्याचे काय करावयाचे? या धंद्यातील एक लेखक स्टीव्ह मॅककॉनेल यांनी १९९६ साली त्याच्या रीती नोंदविल्या आहेत. कोठे अशा माणसाच्या डोक्यावर बकऱ्याची शिंगे चढवीत. कोठे त्याच्याकडून पाच डॉलर वर्गणी घेत. एन.टी.सारख्या कामांच्या अखेरच्या दिवसांत माणसे कमरेला पेजर लावून फिरत, आणि बिल्ड मोडल्यास पहाटे तीन वाजताही त्यांना बोलावणे जाई. ही सारी चेष्टेची बाब म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तेथे कापडात दोष निघाला तर ते कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापीत. १९२८च्या संपातील एक तक्रार तीच होती. दंड किती आणि कशासाठी घ्यावा याला आपल्याकडे १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने बंधन घातले. बकऱ्याच्या शिंगांना कोणता कायदा लागू पडतो, मला माहीत नाही.

यानंतर या इतिहासातील जे स्थळ येते ते माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि योगायोग असा की ते पगारपत्रकाचे आहे. डेट्रॉइटच्या क्रायस्लर मोटार कंपनीत वेतन काढण्याच्या अनेक वेगवेगळ्या जुन्या आज्ञावली होत्या. त्या मोडून ८७ हजार नोकरांसाठी एकच नवी करावयाची, असे ठरले. काम रखडले. १९९६ साली केंट बेक नावाच्या तज्ज्ञास बोलावण्यात आले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉन जेफ्रीज यांनी कामाची घडीच बदलली. लिहावयाच्या आधी चाचणी लिहावयाची. दोघांनी मिळून एका यंत्रावर बसावयाचे. काही तासांचे काम झाले की जुळणीसाठी राखून ठेवलेल्या यंत्रापाशी जावयाचे, आपला तुकडा सर्वांच्या मालात मिळवावयाचा आणि सगळ्या चाचण्या चालवावयाच्या. एकही चाचणी नापास झाली तर दुरुस्त करावयाची, नाही जमले तर आपले काम मागे घेऊन उठावयाचे. एका वेळी एकच जोडी. त्यामुळे काही मोडले तर कोणामुळे मोडले हा प्रश्नच उरत नसे, आणि शिंगांचीही गरज पडत नसे. १९९७च्या मे महिन्यात या आज्ञावलीने सुमारे १० हजार मासिक वेतनदारांचा पगार काढला. पुढचे टप्पे मात्र लांबत गेले, आणि कंपनी जर्मनीच्या डेमलरमध्ये विलीन झाल्यानंतर २०००च्या फेब्रुवारीत हे काम बंद करण्यात आले. ८७ हजारांचा आकडा काही गाठला गेला नाही.

काम बंद पडले, पण रीत राहिली. बेक यांनी १९९९ साली 'एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग' या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि तिचे बारा नियम सांगितले. त्या यादीत 'सतत जुळणी' हा एक नियम आहे. हा शब्दप्रयोग त्यापूर्वी १९९१ साली ग्रेडी बूच यांनी केलेला होता. बेक यांनी तिला दर काही तासांची शिस्त दिली. आता त्या यादीत 'सतत जुळणी'च्या लगेच खाली कोणता नियम आहे, हे आपण ऐका. तो नियम आहे 'चाळीस तासांचा आठवडा'. ओळीने दोन आठवडे कोणीही जादा वेळ काम करू नये. करावे लागत असेल तर दोष माणसाचा नसून आखणीचा आहे, असे त्याचे स्पष्टीकरण. शिकागोत १८८६ साली ज्या आठ तासांसाठी रक्त सांडले, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी ज्या रविवारच्या सुट्टीसाठी १८८४पासून गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि जी १८९०च्या जूनमध्ये मिळाली, तीच मागणी एका यंत्रतज्ज्ञाने, कोणत्याही युनियनचा झेंडा हाती न घेता, निव्वळ माल चांगला निघावा म्हणून मांडली होती. थकलेला माणूस चुका करतो आणि त्या चुका जुळणीत येतात. यंत्राने करावयाची चाचणी आणि माणसाने घ्यावयाची विश्रांती या दोन गोष्टी त्याच्या हिशेबात एकाच कामाच्या दोन बाजू होत्या.

पुढे काय झाले? पहिला नियम जगभर गेला. दुसऱ्याचे नाव बदलले. आधी त्याला 'झेपेल अशी गती' म्हणू लागले आणि २००४च्या दुसऱ्या आवृत्तीत 'उत्साहाने काम'. चाळीस हा आकडा गळाला. आकडा गळाला की मागणी गळते, हे चळवळीत मुरलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. 'वाजवी वेतन' या शब्दावर मालक तत्काळ सही करतो. भांडण होते ते रुपयांच्या आकड्यावर.

जुळणीचे यंत्र आता भराभर वाढू लागले. मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांनी २००० साली 'सतत जुळणी'वर एक लेख लिहिला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या थॉटवर्क्स कंपनीतून 'क्रूझकंट्रोल' हे साधन बाहेर पडले. आता जुळणीच्या यंत्रापाशी जोडीने उठून जावयास नको. कोणीही आपला तुकडा सामाईक भांडारात टाकला की यंत्र स्वतःच तो उचली, जुळवी, चाचण्या चालवी आणि निकाल सर्वांना कळवी. काही ठिकाणी लाल-हिरवे दिवे लावले. सन मायक्रोसिस्टीम्समध्ये काम करणारे जपानी तज्ज्ञ कोहसुके कावागुची यांनी २००४ साली अशाच कामासाठी 'हडसन' लिहावयास घेतले. बिल्ड वारंवार मोडतो ही सहकाऱ्यांची तक्रार त्यांच्याविरुद्धच होती. ते साधन त्यांनी सर्वांना मोकळे ठेवले आणि जगभरच्या कारागिरांनी त्यात भर घातली. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने घेतली आणि 'हडसन' या नावावर हक्क सांगितला. तेव्हा या कारागिरांनी २०११च्या जानेवारीत मतदान घेतले. २१४ विरुद्ध १४ मतांनी ठरले की नाव मालकाकडे राहू द्यावे आणि काम घेऊन आपण बाहेर पडावे. त्या कामाचे नवे नाव 'जेन्किन्स'. पुढे जग 'जेन्किन्स'कडेच गेले, 'हडसन' मागे पडले. इतकी स्वच्छ मतमोजणी मी आमच्याही चळवळीत फार वेळा पाहिलेली नाही.

या पद्धतीमागे एक जुना विचार आहे आणि तो थेट मागावरून आला आहे. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग पुरा केला की धागा तुटताच माग आपोआप थांबे, आणि बाणा संपताच माग चालू असतानाच धोटा बदले. दोष असलेले कापड विणलेच जाऊ नये, हा त्यातील हेतू. एक कामगार तीसहून अधिक माग पाहू शके. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९ साली एक लाख पौंड देऊन त्याचे हक्क घेतले. पुढे तोयोदांच्या घराण्याने मोटारींचा कारखाना काढला तेव्हा हाच विचार त्यांनी माणसांना लावला. साखळीवर उभ्या असलेल्या कोणाही कामगारास दोष दिसला तर त्याने डोक्यावरची दोरी ओढावी, आणि दोष लगेच निघाला नाही तर साखळी थांबावी. या तत्त्वाचे नाव लिहिताना ते 'आपोआप' या अर्थाच्या शब्दातील एका अक्षराला 'माणूस' दाखविणारी खूण जोडतात. सॉफ्टवेअरच्या धंद्याने हे तत्त्व उघडपणे उचलले. जुळणी मोडली की नवे काम थांबवा, आधी ती नीट करा, हा नियम म्हणजे ती दोरीच.

आता याच काळात मुंबईत काय चालले होते तेही पाहा. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते, आणि भांडणाच्या मुळाशी एक गोष्ट अशी होती की विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, असे काही मालकांनी ठरविले होते. मागाला स्वतःहून थांबण्याची अक्कल दिली नाही, धागा सुधारला नाही, कापूस बदलला नाही. फक्त माग वाढविले. यंत्राला विरोध करणारा तो अडाणी, असे आम्हांस नेहमी ऐकविले जाते. मला वाटते, त्या कामगारास हिशेब चांगला कळत होता. स्वयंचलनाचे ओझे यंत्रावर पडते की माणसावर, हे त्याने मागाजवळ उभे राहून पाहिलेले होते.

तोच हिशेब चाचणी करणाऱ्यांच्या बाबतीत मांडला पाहिजे. आज्ञावली हाताने तपासणे हा आपल्याकडे पुण्या-मुंबईत आणि बंगळूरात हजारो तरुणांचा, विशेषतः मुलींचा, रोजगार झाला होता. पडद्यावर हे बटण दाबा, तो आकडा भरा, काय दिसते ते लिहा. असे शेकडो प्रकार दर वेळी नव्याने तपासावयाचे. ते काम कंटाळवाणे असते हे खरे, पण कोठे दाबल्यास माल फुटतो हे ज्ञान तेथेच साठते. पुण्यातील एका कंपनीने (नाव घेत नाही) अशा एका गटाकडून त्यांच्या साऱ्या तपासण्या यंत्राला समजतील अशा रीतीने लिहवून घेतल्या. काम पुरे झाल्यावर त्यांतील निम्म्याहून अधिक जणांना एकेकटे खोलीत बोलावून राजीनामे मागितले. ती मुले माझ्याकडे आली तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. आपल्या औद्योगिक कलह कायद्यात १९५६ साली कलम ९-अ जोडले गेले. कामगारकपात होण्याचा संभव असलेला यांत्रिक बदल करावयाचा तर २१ दिवस आधी सूचना द्यावी, अशी त्यात व्यवस्था होती, आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती घेतलेली आहे. पण नोकराने आपण होऊन राजीनामा दिला, असे कागदावर दिसले म्हणजे कपातही नाही आणि सूचनाही नाही. 'मेक' लिहिणारा फेल्डमन आणि या मुली, दोघांनीही आपले काम यंत्राला शिकविले. वाचलेला वेळ एकाच्या पदरी पडला, दुसऱ्यांच्या पडला नाही.

जुळणी आणि चाचणी यंत्राकडे गेल्यावर तिसरे काम, म्हणजे माल चालू यंत्रावर चढविणे, तेही जाणारच होते. पूर्वी वर्षातून दोनचार वेळा, शनिवारी मध्यरात्री, सर्वांनी जागून हे काम करावयाचे असे. २००९ साली 'फ्लिकर' या छायाचित्रांच्या कंपनीतील जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितले की आम्ही दिवसातून दहाहून अधिक वेळा नवा माल चढवितो. ऐकणारे थक्क झाले. त्याच वर्षी बेल्जममधील गेंट शहरी पॅट्रिक डेबोआ यांनी या विषयावर सभा भरविली, आणि २०१० साली जेझ हंबल व डेव्हिड फार्ली यांचे 'कंटिन्युअस डिलिव्हरी' हे पुस्तक आले. लहान बदल वरचेवर चढविले तर धोका कमी, हा त्यांचा मुद्दा मला पटतो; मध्यरात्रीचा जागर त्यामुळे पुष्कळ कमी झाला, हेही या धंद्यातील मुले मान्य करतात. पण त्या जागराच्या जागी पाळीपाळीने फोन उशाशी घेऊन झोपण्याची रीत आली, आणि तिचा मोबदला अनेक ठिकाणी मिळत नाही. गूगलच्या लोकांनी २०१६ साली आपल्या पद्धतीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात उशाशी फोन घेण्याबद्दल मोबदला असावा, एका पाळीत दोनपेक्षा अधिक प्रसंग येऊ नयेत, आणि ठरलेल्यापेक्षा अधिक बिघाड झाले तर नवा माल चढविणे थांबवावे, असे सांगितले आहे. मालकाच्याच घरून आलेला हा मसुदा कोणाही युनियनने मागणीपत्राला जोडावा, असा आहे.

स्वयंचलन अर्धवट असले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात नाइट कॅपिटल नावाची मोठी पेढी होती. २०१२च्या १ ऑगस्टपासून बाजारात एक नवी योजना सुरू व्हावयाची होती आणि तिच्यासाठी पेढीने नवी आज्ञावली केली. ती आठ यंत्रांवर चढवावयाची होती आणि ते काम हाताने होत होते. एका तंत्रज्ञाने सात यंत्रांवर ती चढविली. आठव्यावर राहून गेली. दुसऱ्या कोणी ते तपासले नाही, कारण तपासावे असा लेखी नियमच नव्हता. आता त्या आठव्या यंत्रावर २००३ साली वापरातून गेलेली 'पॉवर पेग' नावाची जुनी आज्ञावली अजून पडून होती. हुकूम पुरा झाला, आता थांबा, असे तिला सांगणारा जो मोजणीचा भाग, तो २००५ साली दुसरीकडे हलविला होता, आणि हलविल्यानंतर तिची चाचणी कोणी केली नव्हती. नव्या आज्ञावलीला जागे करण्यासाठी वापरलेली खूण मात्र नेमकी त्या जुनीचीच होती.

सकाळी ८ वाजून १ मिनिटापासून पेढीतल्या यंत्रांनी माणसांना ९७ पत्रे पाठविली. त्यांत 'पॉवर पेग'चे नाव होते. ती पत्रे धोक्याची सूचना म्हणून योजलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्यावर कोणी काही केले नाही. साडेनऊला बाजार उघडला. गिऱ्हाइकांच्या २१२ हुकमांपोटी त्या यंत्राने ४० लाखांहून अधिक सौदे केले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर इकडचे तिकडे झाले. कोठे चुकते आहे हे कळेना, तेव्हा कामगारांनी नवी आज्ञावली सातही यंत्रांवरून उतरविली. त्यामुळे उरलेल्या सातांवरचीही जुनी जागी झाली. सुमारे ४५ मिनिटांनी यंत्रे थांबली तोवर पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले होते. साखळी थांबविणारी दोरी तेथे नव्हती.

या प्रकरणी अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगाने २०१३च्या १६ ऑक्टोबरला जो आदेश काढला तो मी भाषांतर करून करून वाचला. वाचताना मला सारखी धास्ती वाटत होती की आता त्या तंत्रज्ञाच्या माथ्यावर सारे येणार. आमच्याकडे कारखान्यात अपघात झाला की चौकशीचा पहिला कागद 'कामगाराचा निष्काळजीपणा' या शब्दांनीच सुरू होतो. त्या आदेशात तंत्रज्ञाचे नावही नाही. ठपका आहे तो पेढीवर: माल चढविण्याची लेखी पद्धत नव्हती, दुसऱ्या माणसाने तपासण्याची व्यवस्था नव्हती, बाजारात जाणाऱ्या हुकमांवर पुरेसा अटकाव नव्हता. दंड १ कोटी २० लाख डॉलर. पेढी त्याच वर्षी गेटको या दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

या प्रकरणानंतर सर्वांनी धडा घेतला तो असा की माल चढविण्याचे काम माणसाच्या हाती ठेवू नये. तो एका अर्थी बरोबर आहे. पण स्वयंचलन पूर्ण झाले आणि दोरी मात्र कोणाच्याच हाती ठेवली नाही, म्हणजे काय होते ते २०२४च्या १९ जुलै रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक ही संगणकांचे रक्षण करणारी कंपनी. आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी तिने आपल्या साऱ्या गिऱ्हाइकांच्या विंडोज यंत्रांवर एक बारीकशी माहिती-फाइल आपोआप चढविली. त्या फाइलीत यंत्र २१वी नोंद वाचावयास जाई आणि पुरविलेल्या नोंदी २० होत्या. फाइल तपासणारे यंत्र होते; त्या तपासणाऱ्या यंत्रातच दोष होता, म्हणून त्याने तिला पास केले. आधी थोड्या यंत्रांवर चढवून पाहावे, मग उरलेल्यांवर, अशी रीत आज्ञावलीच्या बाबतीत कंपनी पाळीत होती. या फाइलींच्या बाबतीत पाळीत नव्हती. गिऱ्हाइकालाही त्या थांबविता येत नव्हत्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बंद पडली. इस्पितळे अडली, बँका अडल्या. आपल्याकडे विमानतळांवर उतारूंना हाताने लिहिलेले पास देण्यात आले.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण बंद पडलेले यंत्र मागे घेतलेली फाइल घेऊ शकत नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी माणूस गेला, त्याने ते हाताने सुरू केले, ती एक फाइल पुसली आणि तो पुढच्या मेजाकडे वळला. यंत्राने काही मिनिटांत केलेले काम माणसांना निस्तरावयास दहा दिवस लागले. २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के यंत्रे पूर्ववत झाल्याचे कंपनीने कळविले. त्यानंतर तिने या फाइली टप्प्याटप्प्याने चढविण्यास आरंभ केला, आणि त्या केव्हा घ्यावयाच्या हे ठरविण्याची सोय गिऱ्हाइकांना दिली.